भुतांचे फोटो : प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

५ जून

विषय पक्का झाला. भुतांचे फोटो. 'खरं की खोटं ओळखा' असा खेळ ठेवूया, अशी क्लबच्या बैठकीत एक सूचना आली. लोकांना तो आवडेलही, पण मला त्यात दम वाटत नाही. फोटोत भूत कसं आणायचं याची कृती १८५६ सालीच छापून आली आहे. ती वाचून कुणालाही घरबसल्या भूत काढता येतं. खरी गंमत त्यानंतरची. कृती छापून पाच-सहा वर्षं होतात न होतात तोच अमेरिकेत एका माणसाने भुतांच्या फोटोंचा धंदा थाटला आणि लोक एकेका फोटोला दहा डॉलरपर्यंत मोजू लागले. युक्ती जगजाहीर असताना गिऱ्हाईक तुटून का पडलं, हे प्रदर्शनात दिसायला हवं.

ढोबळ मांडणी: एका बाजूला जुन्या फोटोंच्या मोठ्या प्रती, दुसऱ्या बाजूला त्याच पद्धतींनी आम्ही आज काढलेले फोटो. जुन्यांची अडचण नाही. तो धंदा थाटणाऱ्या विल्यम मम्लरचे बरेच फोटो गेटी संग्रहालयाकडे आहेत, तसलेच फोटो काढणाऱ्या इंग्लंडच्या विल्यम होपचा अल्बम ब्रॅडफर्डच्या नॅशनल सायन्स अँड मीडिया म्युझियममध्ये आहे, आणि दोन्हींच्या चांगल्या प्रती बघायला मिळतात. होपचा हा अल्बम म्हणे एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडला होता. असल्या वस्तूला शोभेल असंच!

७ जून

सुरुवात डेव्हिड ब्रूस्टरपासून. हा स्कॉटिश शास्त्रज्ञ, कॅलिडोस्कोपचा जनक. १८५६ च्या त्याच्या स्टिरिओस्कोपवरच्या (जोडफोटो बघून खोली भासवणारं यंत्र) पुस्तकात करमणूक म्हणून भुताची कृती दिली आहे. चार माणसं नेहमीसारखी बसवायची. एक्स्पोजर, म्हणजे लेन्स उघडी ठेवायचा वेळ, संपायला थोडे क्षण उरले की भूत होणाऱ्याने झटकन आत यायचं, ठरल्या जागी स्तब्ध उभं राहायचं आणि तसंच झटकन निघून जायचं. त्याच्या मागच्या वस्तू त्याच्या अंगातून आरपार दिसतात. लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीने अशी कार्डं काढून विकली आणि कल्पना ब्रूस्टरची असल्याचं त्यावर छापलं. म्हणजे फसवाफसवी नव्हती. पांढरी चादर पांघरलेलं भूत, घाबरून हातवारे करणारी मंडळी, सगळा नाटकी मामला.

ब्रूस्टरच्या डोक्यात हे कुठून आलं असेल, याचं उत्तर आधीच्या फोटोंतच आहे. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या फ्रेंच दागेरने १८३८ मध्ये खिडकीतून पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो काढला. एक्स्पोजर काही मिनिटांचं. रस्ता भर दिवसाचा आणि रहदारीचा, पण फोटोत चिटपाखरू नाही. हलणारं सगळं पुसलं गेलं. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एक जण पाय टेकवून थांबला होता, तेवढा उरला. पूर्ण थांबला तो दिसला, चालत राहिला तो गेला. मग अर्धवट थांबणाऱ्याचं काय होणार हे सांगायला ब्रूस्टर कशाला हवा! त्या काळच्या प्रत्येक फोटोग्राफरच्या प्लेटवर (फिल्मच्या आधी फोटो जिच्यावर उमटायचा ती काच किंवा पत्रा) अशी अर्धी माणसं नको असताना येतच होती.

हा दागेरचा फोटो पहिल्या पॅनेलवर घ्यायचा. त्यात भूत नाही, म्हणूनच.

१० जून

ब्रूस्टरची कृती करून बघितली. पडदे ओढलेली खोली, ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ १६, पंधरा सेकंद. मागे उभ्या पट्ट्यांची लाकडी खुर्ची. भूत म्हणून एका मित्राची कॉलेजात जाणारी मुलगी, अंगावर पांढरी मलमल.

दहा सेकंद उभी राहिली तर भूत होत नाही, थोडा विटलेला माणूस दिसतो. दोन सेकंदांत नुसतं फडकं उमटतं, चेहरा नाहीच. पाच सेकंद म्हणजे एकूण वेळेचा तिसरा हिस्सा, तिथे जमतं: मलमल उजळ, मधून खुर्चीच्या पट्ट्या स्पष्ट. आत येताना-जाताना मात्र पांढरा फराटा उमटतो. कितीही चपळाई केली तरी मलमल दगा देते. शेवटी जुनीच युक्ती वापरली. ती आत येताना आणि बाहेर जाताना लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरला. पूर्वी लेन्सचं झाकणच शटरचं काम करायचं, त्यामुळे त्यांना हे आणखी सोपं.

चेहऱ्याचं बघून मी थबकलो. पाच सेकंद कुणीही पुतळ्यासारखं उभं राहू शकत नाही. श्वासाबरोबर मान किंचित डुलते, पापण्या लवतात. फोटोत डोळ्यांच्या जागी नुसत्या काळसर खोबणी राहतात, ओठांची रेघ पुसली जाते. नाक, कपाळ आणि हनुवटी तेवढी उरतात. मुलीला तिचाच फोटो दाखवला तर म्हणाली, "ही मी वाटतच नाही. कुणीही वाटू शकते." हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे.

१४ जून

भूत पांढरंच का असतं, यासाठी एक पॅनेल करायचं ठरलं. लोककथेतून कारणं बरीच देता येतील, पण फोटोपुरतं कारण रसायनाचं आहे.

डबल एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एकाच प्लेटवर दोनदा फोटो घेताना, प्रकाशाची फक्त बेरीज होते. प्लेटवर एकदा जे उजळ उमटलं ते दुसऱ्या वेळी काळं करता येत नाही. काळ्या पडद्यासमोर पांढरी आकृती आधी घेऊन ठेवली आणि त्याच प्लेटवर नंतर गिऱ्हाईक बसवलं, तर ती आकृती गिऱ्हाइकाच्या मागच्या अंधाऱ्या भागात उमटते. तीच आकृती काळ्या सुटात घेतली तर काहीच येत नाही. मागची भिंत पांढरी असेल तरी भूत बुडालं. जुने फोटो या नजरेने पाहिले की भूत कुठे उभं राहणार हे आधीच सांगता येतं. गिऱ्हाइकाच्या खांद्यामागे, जिथे पार्श्वभूमी गडद आहे तिथे. मृतात्म्यांना पांढऱ्या कपड्यांची आणि गडद पडद्यांची आवड असते, ती ही अशी.

ब्रूस्टरच्या पद्धतीत थोडा फरक आहे. तिथे एकच एक्स्पोजर चालू असतं आणि आकृती मागची भिंत काही वेळ अडवते, त्यामुळे पुसटसं काळं भूतही निघतं. दोन्ही नमुने शेजारी लावायचे.

आणखी एक वाट होती, आणि तीत लबाडीचीही गरज नव्हती. त्या काळी वेट कोलोडिऑन चालायचं. काचेवर कोलोडिऑन हे चिकट रसायन ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं, ओली असतानाच प्लेट कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. काच महाग, म्हणून नको असलेली प्लेट घासून पुन्हा वापरायची. नीट घासली नाही तर जुना चेहरा नव्या फोटोत फिकट वर यायचा. धंद्यातल्या लोकांना हे पाठ होतं.

१८ जून

मम्लर. याला दोन पॅनेल लागतील, कदाचित तीन.

बॉस्टनचा माणूस, दागिन्यांवर नक्षी कोरणारा कारागीर, फोटोग्राफीत हौशी. १८६१ च्या सुमारास स्टुडिओत एकटा असताना स्वतःचा फोटो काढला, तर शेजारी एका मुलीची फिकट आकृती. आधी तो स्वतःच ही जुन्या प्लेटची करामत आहे असं म्हणत होता. पुढे ती बारा वर्षांपूर्वी वारलेली आपली चुलतबहीण आहे, अशी कथा झाली. परलोकवादी पत्रांनी ती उचलून धरली. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स भगिनींनी टकटक आवाजांतून मृतांशी बोलण्याचं जे खूळ सुरू केलं, ते एव्हाना देशभर पसरलं होतं. त्यात यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५ मध्ये मेलेल्यांचा रूढ अंदाज ६ लाख २० हजार. बहुतेक तरुण पोरं, घरापासून शेकडो मैल दूर मातीआड गेलेली. ज्यांचं शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही, त्यांचे आईबाप मम्लरच्या दारात उभे राहिले.

दुकानदारी मोठी हुशार होती. अमुकच आत्मा येईल अशी हमी नाही. कधी कुणीच येत नसे, मग पुन्हा बसा. बायको हॅना माध्यम, म्हणजे मृतांशी संपर्क साधणारी, म्हणून प्रसिद्ध, तीही हजर असे. बॉस्टनमधला नावाजलेला फोटोग्राफर जेम्स ब्लॅक (१८६० मध्ये फुग्यातून बॉस्टनचा फोटो काढणारा तो हाच) स्वतः बघायला आला. प्रत्येक पायरीवर डोळ्यांत तेल घालून उभा राहिला. प्लेटवर भूत आलं आणि त्याला काही पकडता आलं नाही.

पकडलं ते दुसऱ्याच मार्गाने. १८६३ मध्ये त्याच्या एका फोटोतला 'आत्मा' बॉस्टनमध्येच जिवंत असल्याचं ओळखीच्यांच्या लक्षात आलं. धंदा बसला. काही वर्षांनी मम्लर न्यूयॉर्कला गेला.

१९ जून

१८६९ चा खटला. कालच्या नोंदीत कोंबायला नको म्हणून वेगळा.

न्यूयॉर्कच्या महापौराच्या कचेरीतला मार्शल जोसेफ टूकर खोटं नाव सांगून मम्लरकडे बसला. फोटोत एक आकृती आली. हे तुमचे सासरे, असं त्याला सांगण्यात आलं. टूकरला सासऱ्याची खूण काही पटली नाही. मम्लरला अटक झाली.

सरकारी वकील एल्ब्रिज गेरी याने फोटोग्राफर उभे करून भूत किती तऱ्हांनी आणता येतं ते एकामागून एक सांगायला लावलं. सर्कसवाला पी. टी. बार्नम साक्षीला आला. याने आधीच १८६५ मध्ये लबाड्यांवर पुस्तक लिहून मम्लरला चिमटे काढले होते. (बार्नमने फसवणुकीविरुद्ध साक्ष देणं हा कोर्टातला सगळ्यात मोठा विनोद असणार.) अब्राहम बोगार्डस या फोटोग्राफरने बार्नमचा एक फोटो काढून दिला, त्यात मागे चक्क अब्राहम लिंकन. बोगार्डसने सरळ सांगितलं, ही आमची हातचलाखी.

बचावाकडेही काही फोटोग्राफर होते, पण खरी भिस्त गिऱ्हाइकांच्या साक्षींवर होती. लिव्हरमोर नावाचा बँकर म्हणाला, फोटोत माझी वारलेली बायको आहे, मी ओळखतो. फसवता येऊ नये म्हणून आपण ऐन वेळी बसण्याची ढब बदलली होती, हेही त्याने सांगितलं. माजी न्यायाधीश एडमंड्सही मम्लरच्याच बाजूने बोलले.

न्यायाधीश डाउलिंग यांनी सोडून दिलं. फसवणूक झाली आहे असं मनाने वाटतं, पण ती कशी झाली हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलेलं नाही, असा निकाल. भूत काढता येतं एवढं गेरीने सिद्ध केलं. मम्लरने ते कोणत्या पद्धतीने काढलं, हे शेवटपर्यंत कुणालाच दाखवता आलं नाही.

मम्लरचा सगळ्यात गाजलेला फोटो खटल्यानंतरचा, १८७२ च्या सुमाराचा: काळ्या पोशाखातली मेरी टॉड लिंकन, आणि मागून तिच्या खांद्यांवर हात ठेवलेला फिकट लिंकन. ती बुरखा घेऊन, खोटं नाव सांगून आली होती, असं मम्लरने आत्मचरित्रात लिहिलं आहे. खरं-खोटं तोच जाणे. लिंकनचा चेहरा अख्ख्या अमेरिकेला माहीत होता आणि त्याची छापील चित्रं ढिगाने मिळत होती, एवढं लक्षात ठेवावं. तरी मोठ्या प्रतीत ते हात बघत राहावं असेच आहेत. मेरीच्या खांद्यावर कसलंच वजन नाही.

२४ जून

गिऱ्हाइकाच्या खुर्चीत कोणी वयस्क हवं होतं. दुसऱ्या एका मित्राच्या आईला, म्हणजे काकूंना, विनंती केली. त्या हौशीने आल्या. डबल एक्स्पोजर केलं: आधी काळ्या पडद्यासमोर मलमलीतली ती मुलगी, किंचित फोकसबाहेर, मग काकू खुर्चीत. सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत.

स्क्रीनवर फोटो आला. काकूंनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आमची थोरली ताई."

मित्र हसला. "आई, तुझ्यासमोरच तर तिला मलमल गुंडाळली."

"ते दिसलं रे मला. मी काय आंधळी आहे? पण हनुवटी बघ ना."

मग मी तोच फोटो भुताचा चेहरा फोकसमध्ये ठेवून पुन्हा काढला. बाकी काही बदललं नाही. काकूंनी पाहिला आणि लगेच बाजूला सारला. "ही तर ती पोरच आहे. हा नको." आधीच्याची प्रत मिळेल का, हे दोनदा विचारलं.

मलमलीचं, दिव्याचं, पडद्याचं मी इतके दिवस टिपण करतोय, पण मुख्य मसाला अंधुकपणाच आहे. चेहरा स्पष्ट असेल तर तो एकाच कुणाचा तरी असतो. तो जितका पुसट होईल तितकी जागा बघणाऱ्याला मिळते, आणि जागा भरायला माणूस घरून येताना घेऊन आलेला असतो. फोटोग्राफरने नाक-हनुवटी पुरवायची, नाव गिऱ्हाईक देतं. मम्लर हमी का देत नव्हता तेही यातून उलगडतं. हमी दिली असती तर जबाबदारी त्याच्यावर आली असती.

प्रत काकूंना दिली. प्रदर्शनात लावायला त्यांची हरकत नाही. "पण खाली खोटं म्हणून लिहू नका," एवढं म्हणाल्या.

२७ जून

काकूंमुळे ब्युगेचं प्रकरण पुन्हा काढलं. आधी त्याला अर्धं पॅनेल देणार होतो.

एदुआर ब्युगे, पॅरिसचा फोटोग्राफर. १८७५ मध्ये पोलिसांनी पकडला. मम्लरसारखा अडून बसला नाही, सगळं कबूल केलं. सुरुवातीला स्टुडिओतले मदतनीस भूत होत. गिऱ्हाईक वाढल्यावर कुणीतरी त्यांना ओळखेल या भीतीने त्याने कपडा गुंडाळलेली बिनडोक्याची बाहुली केली, आणि वर बसवायला पुठ्ठ्यावर चिकटवलेली डोकी. बाहुली आणि डोक्यांची पेटी पोलिसांनी कोर्टात आणून ठेवली. गिऱ्हाइकाला बोलतं करून कोण वारलं, वय काय, दाढी होती का, हे आधीच काढून घेतलं जाई आणि त्या बेताचं डोकं निवडलं जाई.

याहून उघड काय असू शकतं? तरी साक्षीदार एकेक करून उभे राहिले आणि म्हणाले, आमचा फोटो खरा आहे. एका चित्रविक्रेत्याने सांगितलं, ही माझी बायको, माझ्या मुलांनीसुद्धा तिला ओळखलं. योगायोग आहे, मी यांच्या बायकोला कधी पाहिलेलंही नाही, असं खुद्द ब्युगे सांगत होता. पेटीतली डोकी समोर दाखवली तरी काही जण हलले नाहीत. ब्युगेला एक वर्ष कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला. भक्तांनी निष्कर्ष काढला की कबुलीच दबावाखाली दिलेली असणार.

या लोकांना मूर्ख ठरवणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. काकूंना मूर्ख म्हणायची कुणाची छाती नाही. पेटीतल्या डोक्यांनी फोटो कसा झाला ते सांगितलं. फोटोत कोण आहे, हा साक्षीदारांच्या लेखी निराळाच प्रश्न होता आणि त्यावर बोलायचा अधिकार ब्युगेला नव्हताच.

ब्युगेला पूर्ण पॅनेल.

१ जुलै

कॉम्बरमियर ॲबीचा फोटो. डिसेंबर १८९१, इंग्लंड. लॉर्ड कॉम्बरमियर घोडागाडीच्या अपघातानंतर वारले. त्यांचं दफन चालू असताना सिबेल कॉर्बेट यांनी वाड्याच्या ग्रंथालयात कॅमेरा लावला. एक्स्पोजर तासभर. फोटोत लॉर्डसाहेबांच्या खुर्चीत एका माणसाचं डोकं, धड आणि एक हात. पाय नाहीत.

कुणी नोकर येऊन क्षणभर बसला असेल, असं लिहून लोक मोकळे होतात. माझ्या पंधरा सेकंदांच्या हिशेबाने हे जमत नाही. तासातलं एक मिनिट म्हणजे साठावा हिस्सा. तेवढ्याने डागही धड पडत नाही. गडद खुर्चीवर उजळ चेहरा म्हटलं तरी पाच-सात मिनिटं तरी बसायला हवं. बसणारा बराच वेळ टेकला असणार आणि पाय हलवत राहिला असणार, म्हणून पाय गेले. विल्यम बॅरेट या पदार्थवैज्ञानिकाने तेव्हाच असा माणूस बसवून प्रयोग केला आणि बिनपायांचं भूत काढून दाखवलं. धनी दफनभूमीत, आणि त्याच्या खुर्चीत कुणीतरी निवांत बसून घेतलं. भुतापेक्षा मला हीच गोष्ट जास्त आवडते, पण तिचा पुरावा नाही, पॅनेलवर नको.

५ जुलै

होप आणि डीन, म्हणजे पहिलं महायुद्ध. पुन्हा तेच गणित. एकट्या ब्रिटनचे ७ लाखांहून जास्त मेले, बहुतेक परदेशातच पुरले गेले.

मधल्या काळात एक बदल झालेला. १८९५ मध्ये राँटगेनचे एक्स-रे आले. बायकोच्या हाताची हाडं बोटातल्या अंगठीसकट प्लेटवर दिसली. डोळ्याला न दिसणारं प्लेटला दिसतं, हे आता विज्ञानच सांगत होतं. मग आत्मा का दिसू नये? हा युक्तिवाद चुकीचा आहे, पण त्या काळी तो अगदी सुशिक्षित माणसाच्या तोंडी शोभत होता.

विल्यम होप हा क्रू गावचा सुतार. १९०५ पासून आत्म्यांचे फोटो काढायचा. फेब्रुवारी १९२२ मध्ये असल्या दाव्यांची तपासणी करणारा हॅरी प्राइस त्याच्याकडे गेला तो खुणेच्या प्लेट घेऊन. प्लेट बनवणाऱ्या इम्पीरियल कंपनीकडून त्याने आपला सिंहाचा छाप एक्स-रेने प्लेटवर आधीच उमटवून घेतला होता. डेव्हलप केल्याशिवाय तो दिसणार नाही. होपने प्लेटहोल्डर खिशाकडे नेलेला प्राइसने पाहिला. भूत आलं, सिंह नव्हता. म्हणजे प्लेट बदलली होती. न दिसणाऱ्या किरणांनीच न दिसणाऱ्या आत्म्यांचं दुकान उघडं पाडलं.

पण दुकान बंद पडलं नाही. होप १९३३ मध्ये मरेपर्यंत फोटो काढत राहिला. आर्थर कॉनन डॉयल यांनी त्याच वर्षी, १९२२ मध्येच, त्याची बाजू घेत पुस्तक लिहिलं. डॉयल यांचा मुलगा किंग्जली १९१८ मध्ये गेला होता. परलोकविद्येकडे ते त्याआधीपासून वळलेले होते, त्यामुळे सगळं पुत्रशोकावर ढकलणं बरोबर नाही.

एडा डीन ही लंडनची. युद्धस्मृतिदिनी व्हाइटहॉलच्या स्मारकापाशी दोन मिनिटांची शांतता पाळतात, त्या वेळचे तिचे फोटो: गर्दीच्या वर ढगासारखे तरंगणारे शेकडो चेहरे. १९२४ मध्ये एका वर्तमानपत्राने ते छापले आणि त्यातले काही चेहरे जिवंत फुटबॉलपटू आणि मुष्टियोद्ध्यांचे असल्याचं दाखवून दिलं. बॉस्टनमध्ये १८६३ साली घडलं तेच. लबाडीचा घात नेहमी ओळखीनेच होतो, आणि धंदाही ओळखीवरच चालतो.

६ जुलै

रेनम हॉल हा इंग्लंडमधला जुना वाडा, १९ सप्टेंबर १९३६. जिन्यावरून उतरणारी धुरकट बाई, जगातला बहुधा सर्वांत जास्त छापला गेलेला भुताचा फोटो. नियतकालिकात आला त्याच डिसेंबरात. पॅनेल लहान. लेन्सवरचा चिकटपणा, कॅमेऱ्यात शिरलेला प्रकाश, डबल एक्स्पोजर, अशी स्पष्टीकरणं निघाली आहेत. त्यांची जंत्री कंटाळवाणी.

एक गोष्ट मात्र लिहायची. मम्लरपासून डीनपर्यंत भूत हे कुणाचं तरी आपलं माणूस होतं, आणि लोक ते हौसेने अल्बममध्ये लावत. रेनमची बाई घराची. अठराव्या शतकातली डोरोथी वॉलपोल म्हणतात, बघणाऱ्याची कुणीच नाही. तिथून पुढे फोटोतलं भूत सांत्वन करत नाही, भीती घालतं. अंत्यविधीला जाऊन आलेल्या माणसाला असल्या फोटोचा उपयोग नाही. ज्याच्या घरी सगळं ठीक आहे त्याला रात्री बघायला तो छान.

१० जुलै

ऑर्ब. डिजिटल कॅमेरे घरोघरी गेल्यावर जुन्या वाड्यांच्या फोटोंत गोल गोल पारदर्शक चकत्या दिसू लागल्या आणि त्यांना आत्म्यांचे गोळे म्हणायची टूम निघाली. लहान कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी. लेन्ससमोर काही सेंटिमीटरवरचा धुळीचा कण फ्लॅशने झळाळतो, फोकसबाहेर असल्याने चकतीसारखा पसरतो.

गादी झटकली, दिवे घालवले, फोटो काढला: खोलीभर आत्मे. फ्लॅश काढून हातभर बाजूला धरला आणि लगेच दुसरा काढला: एकही नाही. दोन्ही शेजारी लावायचे, मजकूर नकोच.

याला मी भुताच्या फोटोंची उतरती कळा म्हणतो. चेहराच नाही. ओळखायचं कुणाला?

१३ जुलै

मोबाइल. पॅनोरमा काढताना कुणी चाललं तर अर्ध्या धडाचा माणूस, नाइट मोडमध्ये अनेक फ्रेम जोडताना आरपार दिसणारा माणूस. थोडक्यात ब्रूस्टरच, फक्त पुठ्ठा धरायचं काम आता सॉफ्टवेअर करतं. पडद्याच्या चुण्यांवर फोनने चेहरा सापडल्याचा चौकोन काढला, तो स्क्रीनशॉट घेतला आहे. दोन ठिपके आणि एक आडवी रेघ दिसली की चेहरा मानायचा, ही खोड यंत्रालाही लागली तर.

दुसरं पॅनेल महत्त्वाचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये मायहेरिटेज कंपनीने डीप नॉस्टॅल्जिया आणलं. आजी-आजोबांचा जुना फोटो द्या, ते मान वळवतात, पापण्या लववतात, हसतात. हालचाल दुसऱ्याच कुणाची, आधी चित्रित करून ठेवलेली. इथे कुणी फसवत नाही. काय केलं आहे ते सांगूनच देतात. तरी बघताना लोक रडले. ऑर्ब आणि जिन्यावरच्या बायांनंतर हे पुन्हा आपलं माणूस.

१७ जुलै

मांडणी बदलली. कालक्रमाने डीप नॉस्टॅल्जिया शेवटी येत होतं. ते उचलून मम्लरच्या शेजारी नेलं, लिंकनच्या हातांच्या उजवीकडे. रेनम, ऑर्ब आणि वाड्याची भुतं समोरच्या भिंतीवर. कालक्रम मोडल्याबद्दल क्लबमध्ये कुरकुर झाली, पण प्रती लावून दाखवल्यावर थांबली.

पट्ट्यांचा मजकूर अंतिम. जुन्या फोटोंखाली कुणी, कुठे, कधी एवढंच. पद्धती वेगळ्या कागदावर, मागायला आलेल्याला मिळतील. बोगार्डसचा बार्नम प्रवेशद्वारापाशी. उद्या फ्रेमवाला येतोय. काकूंच्या फोटोखालची पट्टी त्याला अशी द्यायची: डबल एक्स्पोजर. पुढे, खुर्चीत: काकू. मागे, काकूंच्या म्हणण्याप्रमाणे: त्यांची थोरली बहीण.